विजेत्याने स्टिअरिंग केव्हा सोडावे?

चेन्नई – मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा रथ पंगुनी उत्सवात चारही माड रस्त्यांवरून निघतो, तेव्हा हजारो हात दोर ओढत असतात. मात्र जाणकारांचे लक्ष चाकांपाशी लाकडी पाचरी घेऊन चालणाऱ्या मोजक्या माणसांकडे असते. अवजड रथ वळवणे आणि वेळीच थांबवणे ही त्यांची जबाबदारी. याच मैलापूरपासून पश्चिमेला, बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगट्टुकोट्टै येथे मोटार शर्यतींची धावपट्टी आहे. तेथे गाड्या ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात आणि थांबायचे केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

हा प्रश्न ८ जानेवारी २०२३ रोजी अतिशय दुःखद रीतीने पुढे आला. राष्ट्रीय मोटार शर्यत स्पर्धेच्या एका फेरीत सलून प्रकारच्या गाड्यांची शर्यत सुरू असताना ज्येष्ठ चालक के. ई. कुमार यांच्या गाडीचा दुसऱ्या गाडीला स्पर्श झाला. त्यांची गाडी धावपट्टीबाहेर गेली, कुंपणावर आदळली आणि उलटली. कुमार यांना तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले. परंतु त्यांचे प्राण वाचू शकले नाहीत. ते ५९ वर्षांचे होते. स्पर्धेचे प्रमुख विकी चंढोक हे त्यांना मित्र आणि प्रतिस्पर्धी म्हणून कित्येक दशके ओळखत होते. त्या दिवसाचे उर्वरित सर्व कार्यक्रम रद्द करण्यात आले.

कुमार यांच्या वयामुळे हा अपघात घडला, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच धावपट्टीवर मोटारसायकल शर्यतीत अवघ्या १३ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. वेगाला वयाशी देणेघेणे नसते, हेच या दोन घटना सांगतात. तरीही पन्नाशीच्या पुढचा चालक हेल्मेट चढवतो, तेव्हा ‘आता पुरे’ असे त्याला कोणी आणि कशाच्या आधारावर सांगावे, हा प्रश्न उरतोच.

स्टॉक कार म्हणजे काय?

बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीसारखी दिसणारी, पण शर्यतीसाठी खास बांधलेली गाडी म्हणजे स्टॉक कार. फॉर्म्युला वनच्या गाडीप्रमाणे तिची चाके उघडी नसतात आणि चालक छताखाली बंदिस्त असतो. अमेरिकेत ‘नॅस्कार’ ही संस्था १९४८ पासून या शर्यती भरवते. भारतात त्यांना सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे सलून किंवा टुरिंग गाड्यांच्या शर्यती. पूर्वी त्या चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमान धावपट्टीवर होत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीची कायमस्वरूपी धावपट्टी उभारली.

या अमेरिकी खेळाशी भारताचा थेट संबंधही आला आहे. चेन्नईत जन्मलेले आणि कोइम्बतूरमध्ये वाढलेले नारायण कार्तिकेयन हे २००५ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारे पहिले भारतीय चालक ठरले. २०१० मध्ये त्यांनी नॅस्कारच्या ट्रक मालिकेत भाग घेतला. मार्टिन्सव्हिल येथील पदार्पणाच्या शर्यतीत ते तेरावे आले आणि त्या हंगामात मालिकेतील सर्वाधिक लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यांची निवड केली.

वय नेमके काय हिरावून घेते?

ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५ मीटर अंतर कापते. म्हणजेच चालकाची प्रतिक्रिया सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा आली, तरी गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. शर्यतीत दोन गाड्यांमधील अंतर अनेकदा याहूनही कमी असते.

वय वाढते तशी प्रतिक्रियेची गती मंदावते. मात्र ती एकाएकी कोसळत नाही. उतार इतका संथ असतो की तो स्वतः चालकाच्या लक्षात येत नाही. दृष्टीचा प्रश्न अधिक ठळक असतो. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता घटते. दूरच्या वळणावरून जवळच्या मापकांवर आणि मापकांवरून पुन्हा वळणावर नजर स्थिर व्हायला थोडा अधिक वेळ लागतो. डोळ्यांवर आलेल्या प्रखर प्रकाशातून सावरायलाही विलंब होतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्स परिसरातील रस्त्यांवर दिव्यांच्या झोतात शर्यती झाल्या. अशा रात्रीच्या शर्यती वाढल्या, तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरेल.

तिसरी बाब उष्णतेची. बंद गाडीत इंजिनाच्या उष्णतेमुळे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच जास्त असते. त्यात अग्निरोधक पोशाख, हातमोजे आणि हेल्मेट. घामावाटे शरीरातील पाणी कमी होते, नाडीचे ठोके वाढतात आणि हृदयावर ताण येतो. चेन्नईच्या दमट हवेत हा ताण कमी होण्याचे कारण नाही. शेवटची आणि कदाचित सर्वांत गंभीर बाब म्हणजे दुखापतीतून सावरण्याची क्षमता. पंचविशीतला चालक ज्या धडकेनंतर काही आठवड्यांत परततो, तीच धडक पन्नाशीतल्या शरीराला कायमची महाग पडू शकते.

अनुभवाचे पारडे

असे असले तरी मोटार शर्यत हा धावण्याच्या शर्यतीसारखा केवळ शरीराचा खेळ नाही. मुरलेला चालक समोरच्या गाडीची किंचित हालचाल पाहून पुढे काय होणार हे ओळखतो. त्यामुळे ज्या संकटावर तरुणाला झटपट प्रतिक्रिया द्यावी लागते, ते तो मुळातच टाळतो. टायर जपणे, इंधन वाचवणे, शेवटच्या फेऱ्यांसाठी गाडी राखून ठेवणे, या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात.

नॅस्कारच्या इतिहासात याची उदाहरणे सापडतात. हॅरी गँट यांनी १९९२ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी सर्वोच्च मालिकेतील शर्यत जिंकली. मार्क मार्टिन यांनी २००९ मध्ये, पन्नाशीत, पाच शर्यती जिंकून विजेतेपदाच्या क्रमवारीत दुसरे स्थान मिळवले. फॉर्म्युला वनमध्ये हुआन मॅन्युएल फँजिओ यांनी पाचवे जगज्जेतेपद १९५७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी पटकावले आणि पुढच्याच वर्षी निवृत्ती घेतली. फर्नांडो अलोन्सो २०२५ च्या हंगामात ४४ व्या वर्षीही त्याच स्पर्धेत धावत होते.

बॉबी अ‍ॅलिसन यांची कथा मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी दाखवते. फेब्रुवारी १९८८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी डेटोना ५०० ही सर्वांत मानाची शर्यत जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर होता त्यांचाच मुलगा डेव्ही. त्यानंतर चारच महिन्यांनी पोकोनो येथील भीषण अपघातात त्यांच्या डोक्याला जबर इजा झाली आणि त्यांची कारकीर्द संपली. ज्या विजयाला अवघ्या क्रीडाविश्वाने दाद दिली, त्याची आठवणही त्यांच्या मनात राहिली नाही.

थांबण्याच्या वेगवेगळ्या वाटा

विजेत्यांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवला. सात वेळा अजिंक्यपद मिळवणारे रिचर्ड पेटी यांनी ४ जुलै १९८४ रोजी डेटोना येथे आपला दोनशेवा विजय नोंदवला. तो त्यांचा अखेरचा विजय ठरला. तरीही ते पुढे आठ वर्षे धावत राहिले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, अटलांटा येथे थांबले. त्या शेवटच्या शर्यतीतही त्यांची गाडी अपघातात सापडून पेटली होती. योगायोग असा की, पुढे चार अजिंक्यपदे मिळवणाऱ्या जेफ गॉर्डन यांची सर्वोच्च मालिकेतील पहिली शर्यत तीच होती. गॉर्डन यांनी स्वतः मात्र २०१५ मध्ये, ४४ व्या वर्षी, पूर्णवेळ शर्यतींचा निरोप घेतला. त्या अखेरच्या हंगामातही त्यांनी एक शर्यत जिंकली होती.

सात अजिंक्यपदे मिळवणारे आणखी एक चालक डेल अर्नहार्ट यांना असा निरोप घेता आला नाही. २००० च्या हंगामात, ४९ व्या वर्षी, ते क्रमवारीत दुसरे होते. म्हणजे त्यांचे कौशल्य उतरणीला लागले होते, असे कोणी म्हणू शकत नव्हते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी डोके व मान सुरक्षित ठेवणारे उपकरण सक्तीचे करण्यात आले. तेव्हापासून आजवर नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत एकाही चालकाचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही. चालकाचे वय न बदलता केवळ साधने आणि नियम बदलून जीव वाचवता येतात, हा त्यातला धडा.

कर्ट बुश यांच्या बाबतीत निर्णय डॉक्टरांच्या हाती गेला. जुलै २०२२ मध्ये पोकोनो येथील अपघातात त्यांच्या मेंदूला मार बसला. शर्यतीत परतण्यासाठी वैद्यकीय परवानगी न मिळाल्याने त्यांना थांबावे लागले आणि २०२३ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

भारतीय चालकांनी काय केले?

नारायण कार्तिकेयन यांनी एकदम निवृत्त होण्याऐवजी शर्यतीचा प्रकार बदलला. २०१४ ते २०१८ या काळात ते जपानमधील सुपर फॉर्म्युला मालिकेत धावले. चाळिशी ओलांडल्यावर २०१९ मध्ये त्यांनी एक आसनी, उघड्या चाकांच्या गाड्यांचा निरोप घेतला आणि दोन चालकांनी आलटून पालटून चालवायच्या सुपर जीटी गाड्यांकडे वळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुजी येथे जपानी आणि जर्मन मालिकांच्या संयुक्त शर्यतीत त्यांनी विजय मिळवला.

तमिळ चित्रपटसृष्टीतील आघाडीचे अभिनेते अजित कुमार यांनी जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, दुबईतील २४ तासांच्या शर्यतीसाठी स्वतःचा संघ उतरवला. सरावात त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्यानंतर त्यांनी संघाच्या मुख्य गाडीचे चालकपद सोडले आणि आपल्या नावाच्या दुसऱ्या गाडीत चालक म्हणून भाग घेतला. मुख्य गाडीने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. आपल्यापेक्षा संघाचे हित मोठे मानण्याचा हा निर्णय चाहत्यांच्या जल्लोषात काहीसा झाकला गेला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याचे संजय टकले यांनी पन्नाशी उलटल्यावर जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातील डाकार क्लासिक रॅलीत भाग घेतला. जुन्या गाड्यांच्या या प्रकारात निव्वळ वेगापेक्षा ठरलेली सरासरी गती राखण्याला महत्त्व असते. वयाला साजेसे आव्हान निवडणे म्हणजे माघार घेणे नव्हे, हे यातून दिसते.

निर्णय कोणाचा?

अमेरिका किंवा युरोपातील व्यावसायिक चालकाला थांबवणारे अनेक जण असतात. संघमालक करार वाढवत नाही, प्रायोजक तरुण चेहरा शोधतो आणि डॉक्टर परवानगी नाकारतो. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथील पुष्कळ ज्येष्ठ चालक स्वतःच्या पैशाने, हौसेखातर धावतात. गाडी त्यांची, खर्च त्यांचा. त्यामुळे नाही म्हणणारा संघमालकही नसतो. उरतो तो परवाना देणारा महासंघ आणि घरची माणसे. घरच्यांचा शब्द बहुधा प्रेमाने टाळला जातो. म्हणूनच परवान्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी हा केवळ कागदावरचा उपचार ठरता कामा नये. हृदयाची ताण चाचणी, दृष्टीची सखोल तपासणी आणि अपघातानंतर मेंदूची पुनर्तपासणी यांत वयानुसार अधिक काटेकोरपणा असणे आवश्यक आहे.

येथे दोन प्रश्नांची गल्लत टाळायला हवी. ‘मी अजून जिंकू शकतो का?’ हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पूर्णपणे चालकाचे आहे. विजय मिळत नसतानाही पेटी आठ वर्षे धावले, तो त्यांचा अधिकार होता. पराभवामुळे विजेत्याच्या पूर्वीच्या यशाला बाधा येते, हा समज चाहत्यांचा असतो. खेळणाऱ्याला कित्येकदा केवळ धावण्यातच आनंद असतो. ‘मी अजून सुरक्षित आहे का?’ हा दुसरा प्रश्न मात्र त्याच्या एकट्याचा नाही. त्याच धावपट्टीवर इतर चालक असतात, वळणावर झेंडे दाखवणारे स्वयंसेवक असतात. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर, महासंघ आणि घड्याळ यांनी मिळून द्यायचे असते.

मैलापूरच्या संगीत सभांमध्ये मार्गशीर्षाच्या मोसमात सत्तरीचे गायक व्यासपीठावर बसतात. आवाज थकला तरी रसिक त्यांना मान देतात, कारण चुकलेल्या स्वराने कोणाला इजा होत नाही. मोटार शर्यतीत ही सवलत नाही. म्हणून वयाची एकच सरसकट मर्यादा घालणे जितके अन्यायाचे, तितकेच सारे काही विजेत्याच्या जिद्दीवर सोपवणे धोक्याचे. दर हंगामापूर्वी तपासणीचा अहवाल प्रामाणिकपणे वाचावा, फेरीच्या वेळा स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या वेळांशी ताडून पाहाव्यात आणि गॅरेजमधील विश्वासू माणसाला स्पष्ट मत विचारावे, एवढे तरी प्रत्येक ज्येष्ठ चालकाला करता येण्यासारखे आहे. त्या माणसाचे उत्तर नकारार्थी आले, तर ते ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी लागेल.