मनाच्या जखमेवर डोळ्यांच्या हालचालींचा उपचार

विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक बसून सख्खा भाऊ डोळ्यांदेखत गेला. त्याला दीड वर्ष झाले. तेव्हापासून हा शेतकरी विहिरीकडे फिरकलेला नाही. स्टार्टरचा आवाज झाला तरी दचकतो, रात्री घामाघूम होऊन उठतो. दोन एकर बागायत पडीक पडली. घरच्यांनी अंगारे-धुपारे केले. गाव म्हणते, ‘आळशी झालाय.’ फिरतीवर ही हकिगत कळली, म्हणून आज खत-बियाणे बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. जबर धक्का बसला की काहींच्या मनात तो प्रसंग मागे पडतच नाही. आत्ताच घडतोय असा पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो. महिना उलटूनही असे चालू राहिले तर तो आजार समजावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कित्येकांना घरात झोपायची भीती वाटे, हे आपल्याला ठाऊक आहेच.

उपचार कसा करतात?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवले की, डोळे भरभर इकडून तिकडे फिरले की त्रासदायक विचार बोथट होतो. त्यावरून त्यांनी ‘ईएमडीआर’ हा उपचार बसवला. २००१ च्या भुज भूकंपानंतर गुजरातेत समुपदेशकांना याचे प्रशिक्षण दिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या आजारासाठी त्याची शिफारस केली.

यात आधी रुग्णाची सगळी माहिती घेतात, मन शांत करायला शिकवतात. मग तो प्रसंग मनात आणायला सांगून ‘त्रास शून्य ते दहापैकी किती?’ असे विचारतात. रुग्ण तज्ज्ञाच्या हलत्या बोटांकडे डावी-उजवीकडे बघत राहतो. थोडे थांबून ‘आता काय वाटतंय?’ असे विचारतात, पुन्हा तेच. एक बैठक तास-दीड तासाची. अशा काही बैठका लागतात. आठवण पुसली जात नाही, पण ती आली तरी छाती धडधडत नाही.

हे कशामुळे होते? एक मत असे की, आठवण धरणे आणि बोटामागे बघणे ही दोन कामे मनाला एकदम झेपत नाहीत, म्हणून ते चित्र फिके पडते. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

हे लक्षात ठेवा

हा प्रयोग घरी करू नका. अर्धवट उकरलेली आठवण जास्त त्रास देते. प्रशिक्षित तज्ज्ञच हवा. हा उपचार सगळीकडे मिळत नाही. पण बोलून करण्याचे दुसरे गुणकारी उपचारही आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येते.

सरपंच, पोलीस पाटील आणि पंचनाम्याला जाणाऱ्या मंडळींना एक विनंती. पंचनाम्यात जनावर, पीक, पडलेली भिंत सगळे येते. घरातल्या माणसाला रात्री झोप लागते का, हेही जरा विचारा.

त्या शेतकऱ्याला येत्या बुधवारी जिल्ह्याला न्यायचे ठरले आहे. विहिरीच्या वाटेने न्यायचे नाही, एवढीच त्याची अट आहे.