उजवा दिवा दिला म्हणजे रस्ता मोकळा?

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा यायच्या आत गाडीतलं कुणीतरी हे वाक्य टाकतंच : "पुढच्या ट्रकने उजवा दिवा दिलाय, घाल बिनधास्त." सांगणारा कधी मेव्हणा असतो, कधी भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, कधी महिन्यापूर्वी लायसन्स मिळालेला भाचा. सूर मात्र सगळ्यांचा सारखाच. ही म्हणे हायवेची भाषा आहे आणि ती येत नसेल तर तुम्ही अजून कच्चे. कित्येक वर्षं हे ऐकून वैताग आला, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

गैरसमज : ट्रकने उजवा इंडिकेटर लावला म्हणजे 'या पुढे, समोर कुणी नाही'.

आधी यातलं खरं ते मान्य करू. ट्रकवाले मागच्याला खुणा करतात आणि चांगल्या मनाने करतात. उंच केबिनमधून त्यांना पुढचा रस्ता दिसतो, मागच्याला दिसतो फक्त ट्रकचा हौदा. 'मला दिसतंय ते तुला सांगतो' ही जुनी माणुसकी आहे आणि एके काळी तिला कायद्याचाही आधार होता. १९८९ च्या केंद्रीय रस्ता नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, की पुढच्याने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करू नये. ती खूणही ठरलेली होती. उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढायचा आणि अर्धवर्तुळात मागे-पुढे झुलवायचा.

घोळ इथेच आहे. त्याच नियमांत उजवीकडे वळायची खूणही उजव्या हाताचीच होती. हात आडवा, तळवा समोर, पण स्थिर. म्हणजे हात झुलला तर 'तू पुढे जा' आणि हात स्थिर राहिला तर 'मी उजवीकडे येतोय'. दोन्ही निरोप एकमेकांच्या अगदी उलट, आणि फरक काय तो हाताच्या हालचालीचा. हाताची जागा दिव्याने घेतली तेव्हा हा फरक पुसला गेला. दिव्याला झुलता येत नाही. तो नुसता लुकलुकतो, आणि नियमाप्रमाणे त्या लुकलुकण्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' एवढाच. जुन्या नियमांत तर पुढच्याने उजवीकडे वळण्याची खूण करून गाडी रस्त्याच्या मध्यावर घेतली, तर त्याच्या डावीकडून जायची मुभा होती. उजव्या दिव्यावर उजवीकडूनच घुसणारे नेमके याच्या उलट वागतात. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यामुळे काच खाली होऊन हात बाहेर येण्याची शक्यता आणखी कमी.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : "अनुभवाने कळतं हो." काय कळतं? हा ट्रक साइड देतोय, की उजवीकडच्या पंपावर डिझेल भरायला वळतोय, की ढाबा दिसला म्हणून वळतोय, हे मागच्या लाल-पिवळ्या दिव्यातून कसं कळतं? शिवाय ही खूण सगळीकडे सारखीही नाही. कुठे साइड द्यायला डावा दिवा लावतात आणि उजव्याचा अर्थ 'थांब, समोरून गाडी आहे' असा घेतात. आपल्या रस्त्यावर पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या पाट्यांचे ट्रक धावतात. त्यातला कुठला ड्रायव्हर कुठली बोली बोलतोय, हे नंबरप्लेट वाचून ठरवणार आहात का?

आता हिशेब करू, कारण हिशेबाशी वाद घालता येत नाही. नांदेड-लातूरच्या या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर दुभाजक आहे तिथे समोरून कुणी अंगावर येण्याची भीती कमी. पण उदगीर, मुखेड, देगलूरकडे वळलात की बराच रस्ता दुपदरी. अशा रस्त्यावर मालवाहू गाडीची कमाल मर्यादा २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ताशी ६० किलोमीटर आहे. समजा, पुढचा ट्रक ५० ने चाललाय आणि मागचा ६० ने. दोन्ही १० मीटर लांब. ओव्हरटेकच्या आधी आणि नंतर २०-२० मीटर अंतर ठेवलं, तर मागच्याला पुढच्यापेक्षा ६० मीटर जास्त कापावे लागतात. याला लागतात सुमारे २२ सेकंद. तेवढ्यात तो ३६० मीटर पुढे जातो आणि समोरून ७० ने येणारी कार ४२० मीटर जवळ येते. म्हणजे ७८० मीटर रस्ता मोकळा हवा. पुढच्या ट्रकने सुरुवातीलाच ईर्षेने वेग ५५ केला, तर हाच आकडा दुप्पट होऊन दीड किलोमीटरच्या पुढे जातो. दिवा देणाऱ्याला एवढ्या लांबचं, वळणापलीकडचं, उतारावरचं दिसत असतं का? बिचारा अंदाजाने सांगतो आणि आपण ती हमी समजतो.

मग सौजन्य सोडून द्यायचं का? मुळीच नाही. फक्त ते दिव्यातून दाखवण्याऐवजी पायातून दाखवायचं. मागून कुणी ओव्हरटेकला निघाला, की आपला वेग वाढवायचा नाही, डावी बाजू धरायची आणि गरज वाटली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करायचा. ओव्हरटेक होणाऱ्याने वेग वाढवू नये, हे १९८९ च्या नियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे. वरचा हिशेब पुन्हा पाहा. पुढच्याने वेग ५ ने वाढवला तर मोकळ्या रस्त्याची गरज दुप्पट होते, म्हणजे पाय सैल सोडला तर ती किती घटेल! ब्रिटनमध्ये ट्रकवाले ओव्हरटेक करणाऱ्याची शेपटी पूर्ण पुढे गेली की हेडलाइट लुकलुकवून 'आता आत ये' असं सांगतात. ही खूण निदान सांगणाऱ्याला नक्की दिसलेल्या गोष्टीपुरतीच बोलते. तरीही तिथली हायवे कोड पुस्तिका बजावते, की लुकलुकता हेडलाइट हे पुढे जाण्याचं निमंत्रण समजू नका.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

'चारही दिवे लावले म्हणजे मी सरळ जातोय.' ते दिवे बंद पडलेल्या किंवा अडथळा झालेल्या गाडीसाठी आहेत. फाट्यावर बाजूने येणाऱ्याला तुमचा एकच दिवा दिसतो आणि तुम्ही वळताय असं वाटतं.

'समोरच्याने डिपर मारला म्हणजे तू आधी ये.' आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय, तू थांब' असाच असतो.

'मागे चिकटून राहिलं की साइड लवकर मिळते.' ट्रकचे आरसे तुम्हाला दिसत नसतील, तर त्या आरशांत तुम्हीही दिसत नाही. न दिसणाऱ्याला साइड कोण देणार?

'हॉर्न ओके प्लीज लिहिणं कायद्याने लागतं.' उलट, महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी घातली.

'उसाची ट्रॉली रात्रीही दिसते.' गाळप हंगामात मागचा दिवा नसलेली किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेली ट्रॉली हेडलाइटच्या झोतात येते तोवर ब्रेकला उशीर झालेला असतो. शिवाय बाहेर आलेल्या उसामुळे ती दिसते त्याहून रुंद असते.

'चुकीचा ओव्हरटेक म्हणजे फार तर पावती.' मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ खाली येतो. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

ट्रकवाल्याने साइड दिली तर जरूर हात दाखवा, आभार माना. गाडी बाहेर काढा ती मात्र समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच. तो दिसत नसेल तर मागे राहा. ६० च्या ऐवजी ५० ने तब्बल २० किलोमीटर त्या ट्रकच्या मागे गेलात, तरी उशीर होतो तो ४ मिनिटांचा.