मळ्यातली वारी

आषाढी एकादशी कामाच्या दिवशी आली की आखातातल्या आपल्या घराघरांतून एकच हळहळ ऐकू येते : ‘इथे कसली वारी आणि कसला विठोबा!’ पहाटे कंपनीची बस गाठायची, रात्री परतल्यावर चार घास खाऊन अंग टाकायचे. देवाधर्माचे सारे आपण गावी परतण्यावर ढकललेले असते. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. रजा मिळाली की पंढरपूर, निवृत्त झालो की नामस्मरण!

अशा वेळी संत सावता माळी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव. ते ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन. पंढरपूर तेथून काही फार लांब नाही. तरी मळा सोडून ते वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. वाफ्यांना पाणी देता देता मुखी आलेले त्यांचे अभंग काशिबा गुरवाने लिहून ठेवले. त्यांपैकी ३७ आज आपल्या हाती आहेत. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये सावतोबांनी अरणलाच देह ठेवला. आणि नवल असे, की इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी वाट वाकडी करून अरणला येते!

मात्र यातून सोयीचा अर्थ काढू नये. ‘काम हाच देव’ असे म्हणून देवालाच रजा देणे फार सोपे आहे.

मध्यंतरी आमच्या खोलीतला एक सोबती तापाने फणफणला. आम्ही त्याला रात्री उठून पेज करून दिली खरी, पण कपाळाला आठी घालून. झोप मोडली होती ना! तिसऱ्या दिवशी त्याला उतार पडला. आम्ही जागे होतो तो अजून थरथरत्या हातांनी त्याने आमच्यासाठी चहा ठेवलेला. आमची मान खाली गेली. आम्ही केले ते काम, त्याने केली ती सेवा. फरक तेवढा आठीचा.

वाचकहो, रजा मिळेल तेव्हा पंढरीला अवश्य जावे. पण तोवर उद्या पहाटे डबा भरताना कपाळावरची आठी तेवढी काढता आली, तर आपली वारी सुरू झाली म्हणायची.