मिठाचे गाव

जुन्या पिढीतील वकील, मामलेदार आणि हेडमास्तर ही मंडळी डोक्याला पागोटे आणि अंगात काळा अलपाकाचा कोट घालून घराबाहेर पडत. अंगाला हलका, मंद तकाकीचा आणि वर्षानुवर्षे टिकणारा हा कोट आपल्याकडे इतका रुळला, की ‘अलपाका’ हा शब्द कुठला असे विचारण्याची कोणाला गरजच वाटली नाही. अलपाका हा दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या डोंगरांवर चरणारा एक प्राणी. कूळ उंटाचे, अंगलोट मात्र लहान आणि लोकर लांबसडक. एके काळी इंग्लंडच्या बाजारात ह्या लोकरीला फारसे कोणी विचारीत नव्हते. ज्या गृहस्थाने तिचे सोने केले, त्याने त्या सोन्यातून नदीकाठी एक अख्खे गाव उभे केले. त्याचे नाव टायटस सॉल्ट. इंग्रजीत सॉल्ट म्हणजे मीठ. ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपण म्हणतो. ह्या गावातल्या हजारो माणसांनी ते मीठ अक्षरशः खाल्ले. त्या मिठाची चव कशी होती, हे पाहण्यासारखे आहे.

टाकलेल्या मालाचा धनी

टायटसचा जन्म 20 सप्टेंबर 1803 रोजी यॉर्कशर परगण्यातील मॉर्ली गावी झाला. बापाने पुढे ब्रॅडफर्ड शहरात लोकरीचा व्यापार मांडला आणि मुलगाही त्यातच शिरला. रशियातील डॉन नदीच्या मुलखातली लोकर त्यांनी विकायला आणली. पण ती भरड आणि गुंतलेली. ब्रॅडफर्डच्या सूतवाल्यांनी नाके मुरडली. टायटसने कोणाच्या विनवण्या केल्या नाहीत. त्याने स्वतःच यंत्रे लावून त्या लोकरीचा धागा काढून दाखवला. व्यापाऱ्याचा गिरणीमालक झाला तो असा.

1836 च्या सुमारास लिव्हरपूलच्या एका वखारीत अलपाकाच्या लोकरीचे गठ्ठे धूळ खात पडलेले त्याला दिसले. त्याने थोडा नमुना बरोबर नेला, धुतला, विंचरला, कातून पाहिला आणि परत येऊन सगळे गठ्ठे उचलले. वखारवाले मनात हसले असतील. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाऊसहोल्ड वर्ड्स’ ह्या साप्ताहिकाने पुढे हा प्रसंग मोठ्या खुमासदारपणे रंगवला. खरे कौशल्य मात्र खरेदीत नव्हते, विणण्यात होते. सुती ताणा आणि अलपाकाचा बाणा अशी जोड जमली, तेव्हा रेशमाचा भास व्हावा असे चमकदार आणि तरीही परवडणारे कापड मागावरून उतरू लागले. बायकांच्या झग्यांसाठी त्यावर उड्या पडल्या. 1844 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने विंडसरला पाळलेल्या आपल्या दोन अलपाकांची लोकर कापड विणण्यासाठी ह्याच कारखानदाराकडे धाडली. मग काय विचारता! पाहता पाहता टायटसच्या ब्रॅडफर्डमध्ये पाच गिरण्या झाल्या.

धुराचे शहर

पण ते ब्रॅडफर्ड कसे होते? 1801 साली तेरा हजार वस्तीचे हे गाव 1851 पर्यंत एक लाखावर गेले. माणसे आली, पण घरे, गटारे आणि पाणी काही त्या वेगाने आले नाही. शेकडो धुराड्यांचा धूर डोक्यावर आणि कालव्याचे सडके पाणी पायाशी, अशा स्थितीत कुटुंबेच्या कुटुंबे तळघरांतून राहत. हाताने लोकर विंचरून पोट भरणाऱ्यांचा धंदा तर त्याच सुमारास नव्या यंत्रांनी बुडवला. आणि ह्या यंत्रांच्या मालकांत सॉल्टही होता. 1848 साली तो शहराचा मेयर झाला आणि पुढच्याच वर्षी पटकीची साथ आली. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. धूर कमी करणारी भट्टी त्याने आपल्या गिरण्यांत बसवली, इतरांनीही बसवावी म्हणून खटपट केली. पण बाकीचे गिरणीवाले ऐकतात कशाला?

पन्नाशीला निवृत्त होऊन खेड्यात जमीनजुमला घ्यावा, असे ह्या सुमारास त्याच्या मनात होते. पैसा मुबलक होता, बायको कॅरोलाइन आणि भरले घर होते. पण तो बेत त्याने सोडला. व्यवसायाबाहेर आपण कोणीच नाही, व्यवसायात राहिलो तर आपल्या हातून काही होईल, असा त्याचा हिशेब होता. तो ब्रॅडफर्ड सोडून निघाला खरा, पण विश्रांतीसाठी नव्हे. शहरापासून तीन-चार मैलांवर एअर नदीच्या काठी, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला आगगाडी अशी मोक्याची जागा त्याने घेतली. आपले आडनाव आणि नदीचे नाव जोडून गावाचे नाव ठेवले ‘सॉल्टेअर’.

आधी गिरणी, मग गाव

20 सप्टेंबर 1853 रोजी, बरोबर त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, नव्या गिरणीचे उद्घाटन झाले. लोकर विंचरण्याच्या प्रचंड दालनात सुमारे साडेतीन हजार पाने मांडली होती आणि त्यांत बहुतेक मजूरच होते. गिरणीची मुख्य इमारत 545 फूट लांब, धुराडे 250 फूट उंच, माग 1200, आणि रोजचे कापड तीस हजार वार! यंत्रे फिरवणारे दांडे जमिनीखालून नेले होते, म्हणजे वरच्या मजुरांना गडगडाट कमी व्हावा. उजेड आणि वारा यांची सोयही पुरेशी होती.

पुढची वीस वर्षे गावाची बांधणी चालली. लॉकवुड आणि मॉसन हे दोघे वास्तुशिल्पी होते. साडेआठशेच्या आसपास दगडी घरे झाली. प्रत्येक घराला बैठकीची खोली, मोरी, कोठी, दोन-तीन झोपायच्या खोल्या, मागे परसू आणि स्वतंत्र शौचकूप. शिवाय नळाचे पाणी आणि गॅसचा दिवा. आपल्या मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली ती 1854 साली, म्हणजे त्याच सुमारास. पुढे गिरणगावात एकेका खोलीत किती बिऱ्हाडे नांदली, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे, त्यांना ह्या परसवाच्या घरांचे मोल सांगायला नको. 1859 मध्ये चर्च झाले, 1863 मध्ये स्नानगृहे आणि वाफेवर चालणारे धुण्याचे घर झाले. 1868 मध्ये वृद्ध-अपंगांसाठी 45 घरे आणि त्यांत राहणाऱ्यांना दर आठवड्याला वेतन अशी सोय झाली. मग दवाखाना, शाळा, नदीपलीकडे 14 एकरांची बाग, आणि वाचनालय, व्याख्यानगृह व व्यायामशाळा असलेली एक देखणी संस्था. गल्ल्यांना नावे दिली ती राणीची, तिच्या नवऱ्याची, स्वतःच्या बायकोची आणि मुला-मुलींची. वास्तुशिल्पींनाही एकेक गल्ली मिळाली. घरातले बारसे गावाच्या नकाशावर उतरले म्हणा ना!

मिठाची दुसरी चव

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, की असा मालक प्रत्येक गिरणीला मिळो. पण गावात काय नव्हते, तेही पाहिले पाहिजे. दारूचा गुत्ता नव्हता. बागेत जुगार आणि मद्य यांना बंदी होती. गल्लीत वाळत घातलेले धुणे मालकाच्या डोळ्यांना खुपे. धुण्याचे घर बांधले ते काही अंशी त्यासाठीच; पण घरची मळकी लक्तरे चारचौघींत नेऊन धुणे बायकांना काही रुचले नाही आणि पुढे ती सोय मोडीतच निघाली. वृद्धांच्या घरात जागा हवी तर चालचलणूक चांगली असावी लागे. मजूर-संघटना त्याला पसंत नव्हत्या. घर फुकट नव्हते, भाडे द्यावे लागे. आणि भाडे घेणारा व पगार देणारा हात एकच असल्यामुळे नोकरीवर संकट आले तर घरावरही येणार, हे प्रत्येक बिऱ्हाडकरू जाणून होता. तेरा वर्षांच्या आतली मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जात. कायद्याने तेव्हा ते चालत होते. आणि सॉल्टेअरची शाळा कितीही सुंदर असली, तरी बाकावर बसणारे पोर यंत्रापुढे उभे राहून थकलेलेच असे.

म्हणजे हा सारा ढोंगाचा बाजार होता काय? मला तसे वाटत नाही. सॉल्ट हा अबोल, भिडस्त माणूस होता. 1859 साली तो पार्लमेंटात निवडून गेला, पण सभागृह गाजवणे त्याचा पिंड नव्हता. दोनच वर्षांत राजीनामा देऊन परतला. 1869 मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला. 1874 मध्ये ब्रॅडफर्डकरांनी तो हयात असतानाच त्याचा पुतळा उभारला, तेव्हा तो संकोचला. बायबलात मागे वळून पाहणाऱ्या एका स्त्रीचा मिठाचा खांब झाल्याची कथा आहे. ‘आता माझा मिठाचा खांब करणार तर!’ असा विनोद त्याने त्या वेळी केल्याचे सांगतात. त्याने आयुष्यात वाटलेल्या पैशाची बेरीज काही लाख पौंडांच्या घरात जाते. 29 डिसेंबर 1876 रोजी तो वारला, तेव्हा ब्रॅडफर्डच्या रस्त्यांवर सुमारे एक लाख माणसे अंत्ययात्रेसाठी लोटली. पगाराच्या धाकाने एवढी माणसे थंडीत उभी राहत नाहीत.

त्याने मजुरांना हवा दिली, उजेड दिला, पाणी दिले, पुस्तके दिली. दिला नाही तो एकच हक्क: आपले बरेवाईट आपण ठरवण्याचा. वडील मुलांना देतात तसे त्याने दिले. आणि मुले मोठी झाली तरी वडिलांना ती मोठी झालेली दिसत नाहीत, तसेच त्याचेही झाले. दारू सोडणे चांगले. पण ती स्वतः सोडलेली आणि दुसऱ्याने सोडवलेली ह्यांत फरक आहे. आपल्याकडे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. अशा सर्वच कारखानदारी वसाहतींना हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच.

सॉल्टच्या पश्चात चमकदार कापडाची फॅशन ओसरली, अमेरिकेने जकात वाढवली, आणि 1892 मध्ये त्याच्या घराण्याच्या हातून गिरणी गेली. मुलाबाळांच्या नावांच्या गल्ल्या मात्र राहिल्या. 1933 मध्ये गावातली घरे विकली गेली आणि नंतर ती हळूहळू राहणाऱ्यांच्याच मालकीची होऊ लागली. 1986 मध्ये गिरणीचे माग थांबले. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर ह्या उद्योजकाने ती इमारत घेतली आणि जेथे लोकर विंचरली-विणली जाई, तेथे ब्रॅडफर्डचाच सुपुत्र डेव्हिड हॉकनी याची चित्रे लागली. 2001 मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारशाचा मान दिला. गावात अलीकडच्या काळात एक मद्यालयही निघाले. त्याच्या मालकाने नाव ठेवले, ‘टायटसला सांगू नका’!

ह्या थट्टेत राग नाही, कुरकुर नाही. दीडशे वर्षांनीही गाव आपल्या म्हाताऱ्याला ओळखून आहे, एवढेच त्यातून दिसते. त्याने बांधलेली घरे अजून राहती आहेत. त्याने घातलेली बंधने गळून पडली आणि घरे उरली, हा न्याय मला योग्य वाटतो. मिठाला जागणे म्हणजे मीठ देणाऱ्यापुढे कायम मान खाली घालणे नव्हे. दिलेले जपावे, लादलेले नम्रपणे बाजूला ठेवावे, आणि देणाऱ्याचे नाव मात्र विसरू नये. सॉल्टेअरने नेमके हेच केले.