खाऱ्या समुद्रातल्या गोड बावी

मैत्रिणींनो, मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलात की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट समोर उभा राहतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हे काम काढलं आणि तीन वर्षांत ४८ एकरांचा किल्ला उठवला.

दरवाजातून आत गेलं की घुमटीत चुन्यातला हाताचा ठसा दाखवतात, आणि पायाचाही. ओल्या चुन्यात महाराजांचाच हात-पाय उमटला, अशी आख्यायिका. हात जोडणाऱ्याला पुरावा कशाला हवा! पुढे राजाराम महाराजांनी बांधलेलं देऊळ आहे; त्यातली शिवरायांची मूर्ती मात्र बिनदाढीची.

ठसे सगळेच बघतात. तुम्ही बावी बघा गं! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी, अन् ह्यांचं गोड! एक दिवस नळ आला नाही तर आपली केवढी तारांबळ. इथे वेढा पडला तर सगळी भिस्त ह्या तिघींवर. नावं एखाद्या बाईनंच दिली असावीत, असं आपलं मला वाटतं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जा, आणि सकाळीच निघा. दुपारी चिरा तापतो.