परदेशातून पडद्याकडे – भाग ५ : मुर्डीची लेक, टबोराचा डॉक्टर आणि चतुर

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावाचे नाव निघाले की आठवतात ते रँग्लर र. पु. परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. याच घराने पडद्याला दोन माणसे दिली आणि दोघींच्याही वाटेत परदेश होता, हे मात्र आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातसुद्धा फारसे कोणी सांगत नाही. गेल्या आठवड्यात अभिनय-शाळांच्या फीचा हिशेब मांडला, तेव्हा बऱ्याच पालकांचा एकच प्रश्न आला. मुलगा किंवा मुलगी नोकरी-शिक्षणासाठी बाहेर आहे, तिथे राहून या क्षेत्रात पाऊल टाकता येते का? उत्तराची सुरुवात मुर्डीपासूनच करू.

रँग्लरांची कन्या शकुंतलाबाई केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या आणि १९२९ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे तीसच्या दशकात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत त्यांनी काम केले. १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून दिलेल्या तरुण नीराची ती गोष्ट. व्ही. शांतारामांनी त्यात काकासाहेबांच्या सुशिक्षित, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतलाबाईंना दिली. त्या काळात अशी स्त्री पडद्यावर खरी वाटायची तर तिच्या बोलण्यात, उभे राहण्यात तो आत्मविश्वास आधीपासून असायला हवा. तो शकुंतलाबाईंकडे होता, आणि मला वाटते, केंब्रिज-जिनिव्हाची वर्षे त्यात मुरलेली होती. पुढे र. धों. कर्व्यांच्या वाटेने त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराला वाहून घेतले. सिनेमा हा त्यांच्या आयुष्यातला छोटा मुक्काम ठरला. तरी परदेशातून परतलेल्या माणसाला पडदा काय म्हणून जवळ करतो, हे त्या एका भूमिकेवरून कळते.

त्यांची मुलगी सई. आजोबा १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सई परांजपे यांच्या लहानपणाची काही वर्षे कॅनबेरात गेली. त्या आठ वर्षांच्या असताना ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे परीकथांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. मोठेपणी पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली दूरदर्शन आणि मग ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’ अशी त्यांची वाट गेली. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी यातून एवढेच उचलावे की घरातली मराठी टिकली तर परतीचा दरवाजा उघडा राहतो. मुलाला इंग्रजी तिथली शाळा शिकवतेच. मराठी शिकवायला तिथे घराशिवाय दुसरे कोणी नसते.

आता टबोरा. टांझानियाच्या मध्यभागातले हे गाव. साठच्या दशकात तिथे कान-नाक-घशाचे एक मराठी शल्यविशारद काम करत होते, डॉ. श्रीराम लागू. कॅनडा आणि इंग्लंडमध्ये त्यांनी पुढचे प्रशिक्षण घेतले होते, हातात उत्तम पेशा होता. १९६९ साली त्यांनी तो सोडला आणि वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मधून पूर्णवेळ नट झाले. पाठोपाठ १९७० मध्ये ‘नटसम्राट’, १९७२ मध्ये ‘पिंजरा’. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

राजीनामा खिशात घालून फिरणारी तरुण मंडळी हे उदाहरण फार आवडीने सांगतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, ही गोष्ट अर्धी ऐकू नका. लागू आफ्रिकेतून थेट रंगमंचावर उतरले नाहीत. त्याआधी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन आणि मुंबईत ‘रंगायन’ यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे हौशी नाटके केली होती. डॉक्टरकी चालू होती आणि तालमीही चालू होत्या. दूर गेल्यावर एवढेच घडले असावे की आपल्याला कशावाचून राहवत नाही, हे लख्ख दिसले. आपल्या चिपळूणचे डॉ. काशीनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर होते. त्यांचाही पेशा आणि रंगमंच काही काळ बरोबरीने चालला. नोकरी सोडण्याचा दिवस ठरवण्याआधी निदान काही प्रयोग अंगावर घेतलेले असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे उदाहरण बहुतेकांनी पडद्यावर पाहिले आहे, फक्त ते मराठी घरातले आहे हे अनेकांना ठाऊक नसते. ‘थ्री इडियट्स’मधला चतुर रामलिंगम म्हणजे ओमी वैद्य. त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या यक्का व्हॅलीचा. लहानपणी लॉस एंजेलिसच्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी नाटकांत त्यांनी कामे केली. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण, पोटापाण्यासाठी संकलनाचे काम आणि अमेरिकन मालिकांत किरकोळ भूमिका. २००९ मध्ये आलेल्या या चित्रपटासाठी दिग्दर्शक राजकुमार हिरानींना हिंदी अडखळत बोलणारा चतुर हवा होता, आणि ओमींची हिंदी खरोखरच तशी होती. एरवी जो उच्चार दोष म्हणून बाद झाला असता, त्यानेच ती भूमिका मिळवून दिली. मात्र अशा भूमिकेची दुसरी बाजूही असते. पहिल्याच कामात ओळख इतकी पक्की झाली की पुढचे प्रत्येक काम त्याच साच्यातून येऊ लागते. २०२४ मध्ये ओमींनी ‘आईच्या गावात मराठी बोल’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलाची ती गोष्ट. साचा मोडायचा तर कधीतरी आपली गोष्ट आपणच सांगावी लागते.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. यांपैकी कोणीही मुंबईत पोचण्याची वाट पाहत बसले नाही. जिथे होते तिथे जे मिळाले, ते करत राहिले. म्हणून परदेशातल्या मुलामुलींना पहिला सल्ला हाच, की आपल्या शहरातले मंडळ गाठा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवते आणि तिथे स्थानिक कलाकारांची नाटके होतात. ‘देऊळ’चे निर्माते अभिजित घोलप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘नाफा’ या संस्थेने २०२४ मध्ये सॅन होजेला मराठी चित्रपट महोत्सव भरवला. तिकडच्या मराठी माणसांनी तिकडेच चित्रपट करावेत, हा तिचा एक हेतू आहे. गणपतीतल्या एकांकिकेला कमी लेखू नका. नेपथ्य लावण्यापासून प्रॉम्प्टिंगपर्यंत सगळे स्वतः करावे लागते, आणि यापेक्षा चांगली शाळा पैसे भरूनही सहज मिळत नाही.

आता कायद्याचा भाग. तो रुक्ष आहे, पण चूक झाली तर देश सोडावा लागतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्याला ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याकडेच पगारी काम करता येते. शनिवार-रविवारची जाहिरात, पैसे घेऊन केलेली छोटी भूमिका, हे सगळे नियमाबाहेर जाते. एफ-१ वर शिकणाऱ्याला पदवीनंतर आपल्या विषयातले काम साधारण वर्षभर करता येते. विषय चित्रपट किंवा नाट्य असेल तर हेच वर्ष सोन्याचे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणूनही काम करता येत नाही, तशी अटच असते. आखातात कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असतो, दुसरीकडे मोबदला घ्यायचा तर वेगळी परवानगी लागते. मंडळाच्या नाटकात विनामोबदला काम करायला सहसा अडचण येत नाही. अमेरिकेतच जन्मलेल्यांचा प्रश्न सोपा आहे. त्यांना तिथल्या कलाकार संघटनेचे दार खुले असते. अमेरिकेतल्या साग-आफ्ट्रामध्ये गर्दीतल्या माणसांपैकी एक म्हणून संघटनेच्या करारावर तीन दिवस काम केले तरी सदस्यत्वाची पात्रता मिळू शकते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड असेल तर भारतात येऊन काम करता येते, काही ठरावीक क्षेत्रे तेवढी वगळून.

परदेशात बसून मुंबईचे काम मिळते का? ऑडिशन मिळते. घरून व्हिडिओ करून पाठवण्याची पद्धत आता रुळली आहे. मोकळी भिंत, समोरून प्रकाश, फोन आडवा, छातीपासून वरची चौकट आणि समोरच्याचे संवाद वाचणाऱ्याचा आवाज तुमच्यापेक्षा हलका. सुरुवातीला नाव, उंची आणि सध्या कुठल्या शहरात आहात ते खरे सांगा. परदेशात आहात हे लपवले तर तारखा ठरताना ते बाहेर येतेच, आणि त्या कास्टिंगवाल्याकडून पुन्हा फोन येत नाही. एक मात्र कोरून ठेवा. नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ‘कन्फर्म रोल’साठी जो पैसे मागतो तो कास्टिंग करणारा नव्हे. दूर राहणाऱ्यांना असे लोक हमखास गाठतात, कारण ऑफिसात जाऊन खात्री करणे त्यांना शक्य नसते.

रोजची मालिका मात्र परदेशातून होत नाही. बारा-बारा तासांची शिफ्ट, महिन्यातले वीस-पंचवीस दिवस आणि हातात येणारे सीन कधी कधी त्याच सकाळचे. तिथे मुंबई-ठाण्याच्या आसपास राहावेच लागते. चित्रपटाचे किंवा वेब मालिकेचे तारखा ठरलेले शेड्यूल रजा घेऊन जमू शकते. अश्विनी भावे लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि तिथून येऊन त्यांनी ‘ध्यानीमनी’, ‘मांजा’ असे चित्रपट केले. पण त्यांच्यामागे आधीचे मोठे नाव होते. नवख्यासाठी निर्माता विमानाचे तिकीट काढत नाही, हे धरूनच चालावे.

आपल्या रत्नागिरीकरांकडे यात एक जमेची बाजू आहे. इथली कितीतरी मुले मर्चंट नेव्हीत आहेत. काही महिने बोटीवर आणि मग सलग काही महिने घरी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सावरकर नाट्यगृहात रंगते, तिच्या तालमी पावसाळा सरता सरता सुरू होतात. रजा त्या वेळेला जुळली तर संस्थेत जाऊन उभे राहा. भूमिका मिळाली नाही तर प्रकाशयोजनेला हात लावा, पण तालमीला हजर राहा. खेड, दापोली, राजापूरहून आखातात गेलेल्यांनाही हे लागू आहे. मुलगा सुटीत घरी येऊन रोज संध्याकाळी तालमीला जातो म्हणून आईवडिलांनी नाराज होऊ नये.

पुढच्या आठवड्यात पहिल्या कराराबद्दल लिहीन. मोबदला, तारखा, श्रेयनामावली आणि अनिवासी भारतीयाच्या मानधनातून कापला जाणारा कर, हे सगळे त्यात येईल. तोवर ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी त्यांना आज रात्रीच फोन करावा आणि व्हिसाच्या कागदांवर कामाबद्दलची अट काय लिहिली आहे, ते वाचून दाखवायला सांगावे.