इंग्लंडच्या कनिष्ठ श्रेणी फुटबॉलमधील बढतीचे प्ले-ऑफ सामने : गुणवत्ता आणि आशा

प्रस्तावना :
इंग्लंडमधील साखळी फुटबॉल ही एकावर एक रचलेल्या श्रेणींची व्यवस्था आहे. हंगामाच्या अखेरीस वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या श्रेणीतील आघाडीचे संघ त्यांची जागा घेतात. भारतीय वाचकाच्या परिचयाच्या आयपीएल स्पर्धेत तळाच्या संघाला दुसऱ्या वर्षीही त्याच स्पर्धेत खेळता येते. इंग्लंडमधील क्लबला अशी हमी नसते. श्रेणी बदलली की क्लबचे उत्पन्न, खेळाडूंचे करार आणि त्या गावाचा अभिमान या साऱ्यांवर परिणाम होतो. म्हणूनच 'वर कोणी जावे' हा प्रश्न केवळ खेळाचा न राहता न्यायाचाही होतो.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा, एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो. चोवीस संघांच्या श्रेणीत प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने येतात. इतक्या सामन्यांनंतर तयार होणारा गुणतक्ता हा गुणवत्तेचा सर्वांत विश्वासार्ह निकष मानावा लागतो. असे असूनही बढतीची एक जागा काही मोजक्या बाद सामन्यांवर सोपविली जाते. या विसंगतीमागील कारणे व तिचे परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :
१. प्ले-ऑफ पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या पद्धतीची रचना समजावून सांगणे.
३. तिचे लाभ व तिची किंमत यांची तुलना करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
फुटबॉल लीगची स्थापना १८८८ मध्ये बारा क्लबांनी केली. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी सुरू झाली आणि १८९३ ते १८९८ या काळात दोन श्रेणींमधील अदलाबदल 'कसोटी सामन्यां'द्वारे ठरविली गेली. १८९८ मध्ये स्टोक व बर्नली यांच्यातील अखेरच्या सामन्यात केवळ बरोबरी झाली तरी दोघांनाही पहिल्या श्रेणीत स्थान मिळणार होते. सामना अपेक्षेप्रमाणे गोलशून्य बरोबरीत सुटला. या प्रकारानंतर कसोटी सामने बंद झाले आणि गुणतक्त्यानुसार थेट बढतीचा नियम आला. जवळजवळ नऊ दशके हीच पद्धत टिकून राहिली.

१९८० च्या दशकात परिस्थिती पालटली. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना सुमारे ४ कोटी १२ लाख प्रेक्षक उपस्थित होते. १९८५-८६ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ६५ लाखांवर आली. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्ड येथील आगीत ५६ आणि ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावरील दुर्घटनेत ३९ जणांचा मृत्यू झाला. फुटबॉल मैदानाची ओढ ओसरत असतानाच सर्वोच्च श्रेणी बावीसवरून वीस संघांवर आणण्याचे ठरले. या दोन गरजांमधून १९८६-८७ मध्ये प्ले-ऑफ सामने अस्तित्वात आले. पहिल्या दोन हंगामांत वरच्या श्रेणीतील एक संघही त्यात खेळत असे. १९८७ मध्ये चार्लटनने आपले स्थान राखले. १९८८ मध्ये चेल्सीला मिडल्सब्रोकडून हरून खाली उतरावे लागले. १९८९ पासून केवळ खालच्या श्रेणीतील चार संघ खेळू लागले आणि १९९० पासून अंतिम फेरी हा तटस्थ मैदानावरील एकच सामना झाला.

रचना :
२०२४-२५ च्या हंगामात चॅम्पियनशिप व लीग वन या श्रेणींत पहिले दोन संघ थेट वर गेले. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ प्ले-ऑफ खेळले. लीग टूमध्ये तीन संघांना थेट बढती होती आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांना प्ले-ऑफ. उपांत्य फेरीत दोन सामने होतात व वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा सामना स्वतःच्या मैदानावर मिळतो. अंतिम सामना लंडनमधील वेम्ब्ली मैदानावर होतो. पाचव्या पायरीवरील नॅशनल लीगमध्ये मात्र केवळ विजेता थेट वर जातो. दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाचे सहा संघ उरलेल्या एका जागेसाठी झुंजतात.

या पद्धतीची किंमत :
ही किंमत थेट बढती थोडक्यात हुकलेल्या संघाला मोजावी लागते. १९८६-८७ पूर्वी दुसऱ्या श्रेणीतून तीन व चौथ्या श्रेणीतून चार संघ थेट वर जात. पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत ७५ गुणांसह तिसरा आलेला ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक हा संघ ६८ गुणांच्या लीड्सकडून पराभूत झाला. चौथ्या श्रेणीत ७९ गुणांसह चौथ्या आलेल्या वुल्व्हरहॅम्प्टनला ७० गुणांच्या ऑल्डरशॉटने अंतिम फेरीत हरविले. जुन्या नियमानुसार या दोन्ही संघांची बढती निश्चित होती.

२०२२-२३ मध्ये लीग वनमधील शेफील्ड वेन्सडेने ९६ गुण मिळवूनही तिसरा क्रमांक गाठला. उपांत्य फेरीत सहाव्या क्रमांकाच्या, ७७ गुणांच्या पीटरबरोने पहिला सामना ४-० असा जिंकला. वेन्सडेने दुसरा सामना जादा वेळेत ५-१ असा जिंकून बरोबरी साधली, पेनल्टी शूटआउटमध्ये बाजी मारली आणि पुढे बार्नस्लीला हरवून बढती मिळविली. १९ गुणांची, म्हणजे सहा विजयांहून अधिक आघाडी एका सायंकाळी जवळजवळ निरर्थक ठरली होती.

या पद्धतीचे लाभ :
याउलट, थेट बढतीच्या पद्धतीत अखेरच्या महिन्यांत मधल्या क्रमांकाच्या संघांसमोर कोणतेही उद्दिष्ट उरत नाही. प्ले-ऑफमुळे नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या संघाचाही हंगाम जिवंत राहतो, तसेच दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांतील अंतराला मोल येते. १९९९ मध्ये मँचेस्टर सिटी तिसऱ्या पायरीवरील अंतिम सामन्यात जिलिंगहॅमविरुद्ध अखेरच्या मिनिटांपर्यंत ०-२ असा मागे होता. बरोबरी साधून तो पेनल्टीवर विजयी झाला आणि २००० मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. कोविडमुळे २०१९-२० चा हंगाम थांबला तेव्हा आठव्या स्थानी असलेला वायकम वाँडरर्स प्रति सामना सरासरी गुणांच्या आधारे तिसरा ठरला आणि प्ले-ऑफ जिंकून प्रथमच दुसऱ्या पायरीवर गेला.

थेट जागांचा प्रश्न :
लाभ आणि किंमत यांचा हिशेब सर्व श्रेणींत सारखा नाही. लीग टूमध्ये धोका चौथ्या क्रमांकाच्या संघाला असतो, तर नॅशनल लीगमध्ये तो थेट उपविजेत्याच्या वाट्याला येतो. २०२२-२३ मध्ये रेक्सहॅमने १११ गुणांसह विजेतेपद मिळविले. १०७ गुणांच्या नॉट्स काउंटीला प्ले-ऑफ खेळावे लागले आणि चेस्टरफील्डविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी पेनल्टीवर जिंकला. २०२४-२५ मध्ये दुसऱ्या आलेल्या यॉर्क सिटीच्या नशिबी हे यश नव्हते. त्यांचे गुण ९६ होते. ७३ गुणांच्या, पाचव्या क्रमांकाच्या संघाने त्यांना उपांत्य फेरीत ३-० असे हरविले व पुढे बढतीही मिळविली. तो संघ होता ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक. १९८७ मध्ये ज्या नियमाने या क्लबची वाट अडविली, त्याच नियमाने ३८ वर्षांनी त्याला लीगमध्ये परत नेले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. १९८७ मध्ये अस्तित्वात असलेली थेट जागा काढून प्ले-ऑफला देण्यात आली. नॅशनल लीगच्या पूर्वरूपात, कॉन्फरन्समध्ये, २००२-०३ पर्यंत एकच संघ वर जात असे. त्या हंगामात दुसरी जागा नव्याने निर्माण होऊन प्ले-ऑफ सुरू झाले आणि डॉनकास्टर रोव्हर्सने ती मिळविली. तेव्हा ही भर होती. मात्र चोवीस संघांसाठी दोनच जागा असल्याने उपविजेत्यावरील अन्याय तीव्र होतो. तीन बढत्यांची मागणी करणारी 'थ्री अप' ही मोहीम नॅशनल लीगने २०२५ मध्ये हाती घेतली, तिचे मूळ याच विषमतेत आहे.

निष्कर्ष :
१. प्ले-ऑफ ही गुणवत्तेची अधिक अचूक परीक्षा नाही. अनेकांची आशा टिकविण्यासाठी एका संघाच्या न्याय्य हक्काचा काही अंश बाजूला ठेवणारी ती तडजोड आहे.
२. गुणतक्त्याच्या शिखरावरील संघांना पुरेशा थेट जागा असतील, तोपर्यंत ही तडजोड समर्थनीय ठरते.
३. थेट जागा जितक्या कमी, तितकी अधिक गुणवान संघाला किंमत मोजावी लागते. म्हणून सुधारणेचा विचार प्ले-ऑफ रद्द करण्यापेक्षा थेट जागा वाढविण्याच्या दिशेने होणे अधिक उचित वाटते.